जाण्याचे तिकीट

(सौदी अरेबियात राहणाऱ्या मराठी मुलांपुढे केलेले हे भाषण आहे.)

मुलांनो,

तुमचे आईवडील नोकरीसाठी महाराष्ट्रातून इथे रियाधला आले. घरी तुम्ही मराठी बोलता आणि दुकानांच्या पाट्या वाचून वाचून थोडी अरबीही तुम्हांला येऊ लागली आहे. आज मी तुम्हांला याच्या अगदी उलट गोष्ट सांगणार आहे. एक घर इथून महाराष्ट्रात गेले, त्याची.

रियाधच्या वायव्येस सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर उनैझा हे गाव आहे. तिथला खजूर प्रसिद्ध आहे. तेव्हा या देशात तेल सापडले नव्हते. ते सापडले १९३८ साली. त्याआधी उनैझाचे व्यापारी वाळवंट ओलांडून समुद्र गाठत आणि जहाजाने थेट मुंबईला येत. अशाच एका व्यापाऱ्याने पुण्यात बिऱ्हाड थाटले. त्यांचे नाव हमद अल्काझी. तिथे १९२५ साली त्यांचा मुलगा इब्राहिम जन्मला. भावंडे नऊ! अरबी शिकवायला खास अरबस्तानातून शिक्षक आणले होते. ते घरातलेच एक होऊन गेले. घरात अरबी, आणि दाराबाहेर पाऊल टाकले की मराठी. तुमच्यासारखेच की नाही? फक्त उलटे.

आता दुसरा मुलगा. निस्सीम इझिकेल. तो १९२४ साली मुंबईत जन्मला. तो बेने इस्राएल समाजाचा, म्हणजे ज्यू. या समाजात एक कथा सांगतात. फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटले. त्यातून वाचलेली माणसे कोकणातच राहिली, तेलाचे घाणे चालवू लागली आणि मराठी बोलू लागली. शनिवारी ती घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. निस्सीमचे वडील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते, आई मुख्याध्यापिका. शाळेत काही मुले निस्सीमला वेगळ्या धर्माचा म्हणून छळत. पुढे त्याने एका कवितेत ते लिहून ठेवले आहे.

हे दोघे मोठे झाले. निस्सीम विल्सन महाविद्यालयात शिकले आणि १९४७ साली एम.ए. झाले. इब्राहिम सेंट झेव्हियर महाविद्यालयात होते. त्यांना नाटकाचे वेड, यांना कवितेचे. मुंबईत त्यांची मैत्री जमली.

निस्सीम यांना आणखी एक ओढ होती. खरे कशाला म्हणावे? चांगले वागणे म्हणजे काय? मी कोण? असे प्रश्न तुम्हीही विचारता आणि मोठी माणसे म्हणतात, "आधी जेव बघू!" या प्रश्नांचा नीट अभ्यास करणे म्हणजे तत्त्वज्ञान. तो अभ्यास करायला निस्सीम यांना लंडनला जायचे होते. पण जहाजाच्या भाड्याला पैसे नव्हते.

भाडे इब्राहिम यांनी दिले. तिकीट फक्त जाण्याचे होते.

ते वर्ष होते १९४८. फाळणीमुळे इब्राहिम यांच्या घरची बाकी मंडळी पाकिस्तानात गेली होती. ते एकटे भारतात राहिले होते. त्याच वर्षी मे महिन्यात इस्राएल हे ज्यूंचे राष्ट्र स्थापन झाले आणि अरब देशांशी त्याचे युद्ध पेटले. सौदी सैनिकही त्यात लढत होते. लाखो पॅलेस्टिनी अरबांची घरे सुटली. युद्ध अजून संपले नव्हते, आणि नोव्हेंबरात एक ज्यू तरुण अरब मित्राने काढून दिलेल्या तिकिटावर लंडनला निघाला. हे मी प्रथम वाचले तेव्हा वर्ष पुन्हा तपासून पाहिले.

लंडनमध्ये निस्सीम तळघरातल्या एका खोलीत राहत. बर्कबेक महाविद्यालयाचे वर्ग संध्याकाळी भरत, म्हणून दिवसा नोकरी करता येई. त्यांनी भारताच्या कचेरीत, इंडिया हाउसमध्ये, काम केले. पैसा नेहमीच कमी पडे. इब्राहिमही तिथे नाट्यशिक्षण घेत होते.

साडेतीन वर्षे झाली. परत जायचे, पण कसे? शस्त्रे घेऊन इंडोचायनाकडे निघालेल्या एका जहाजावर निस्सीम यांनी काम धरले. काम कोणते? डेक घासण्याचे! एम.ए. झालेला, तत्त्वज्ञान शिकलेला हा कवी घासत घासत घराकडे निघाला. त्याच वर्षी, १९५२ साली, त्यांचे पहिले कवितांचे पुस्तक निघाले.

पुढे निस्सीम यांनी मुंबईत शिकवले आणि इंग्रजीत कविता लिहिल्या. आपल्या इंदिरा संतांच्या मराठी कविता त्यांनी वृंदा नाबर यांच्यासह इंग्रजीत नेल्या. इब्राहिम यांनी तर मुंबईतल्या आपल्या इमारतीच्या गच्चीवरच नाटकघर उभारले! विजया मेहता त्यांच्याकडे नाटक शिकल्या. १९६२ पासून पंधरा वर्षे ते दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते. निस्सीम २००४ साली गेले, इब्राहिम २०२० साली.

सुट्टीत कधी उनैझाला गेलात, तर तिथला खजुराचा बाजार जरूर पाहा. आणि घरच्यांना नवगावची गोष्ट सांगा. ती त्यांनाही बहुधा ठाऊक नसेल.