नोकरदाराचा पोशाख : खर्च कोणाचा?



अभ्यासवर्गाच्या व्यासपीठावर पोशाखासारखा विषय यावा, याचे काहींना नवल वाटेल. महागाई, बेकारी, शेतीमालाचा भाव ही आपली नेहमीची विषयपत्रिका. तीत कोट, बूट आणि गळपट्टी यांना स्थान कोठले, असा प्रश्न कोणी केला तर तो गैर नव्हे. परंतु जे तरुण कार्यकर्ते संध्याकाळी शाखेत येतात त्यांना दिवसा नोकरी करावी लागते, आणि त्या नोकरीत आज ‘प्रेझेंटेशन’ नावाचा एक विधी अपरिहार्य झाला आहे. वरिष्ठांसमोर, ग्राहकांसमोर किंवा परीक्षकांसमोर पडद्याशेजारी उभे राहून आपले काम समजावून सांगावयाचे. बोलणे सुरू होण्यापूर्वीच पाहणाऱ्यांनी कपड्यांवरून काही एक मत करून घेतलेले असते. ज्याच्या घरात हे कपडे पिढीजात आहेत त्याला यात काही विशेष वाटत नाही. ज्याच्या घरातून पहिलाच माणूस कचेरीत पाऊल टाकीत आहे, त्याची मात्र रात्रीची झोप उडते.

परभणी किंवा बीडकडचा एखादा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणावा. घरी कोरडवाहू जमीन, तीत कापूस. मुलगा पुण्यात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला. नोकरीसाठी कंपन्या महाविद्यालयात येणार म्हणून सूचनाफलकावर कागद लागतो : पोशाख ‘फॉर्मल’, ब्लेझर आवश्यक. कापूस पिकविणाऱ्याच्या मुलाने पॉलिएस्टरचा कोट विकत घ्यावयाचा, तोही उधारीवर, आणि मे महिन्यात अंगात घालून घाम पुशीत उभे राहावयाचे! त्याच्या अभ्यासाशी या कोटाचा काय संबंध, हे त्या सूचनाफलकावर लिहिलेले नसते.

हा प्रश्न क्षुल्लक नाही, हे सांगण्यासाठी समाजवादी असण्याचीही गरज नाही. अ‍ॅडम स्मिथने 1776 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तागाच्या सदऱ्याचे उदाहरण दिले आहे. ग्रीक आणि रोमन लोक असा सदरा न घालता सुखाने जगले. काटेकोर अर्थाने तो जीवनावश्यक नव्हे. परंतु स्मिथच्या काळातील युरोपात अब्रूदार मजुराला त्याच्याशिवाय चारचौघांत जाण्याची लाज वाटे, म्हणून तो सदरा गरजेच्या वस्तूंतच मोडतो, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढे अमर्त्य सेन यांनी दारिद्र्याचा विचार मांडताना हाच दाखला घेतला. लाज न बाळगता समाजात वावरता येणे ही सर्वत्र सारखी असलेली गरज आहे. ती भागविण्यास लागणारा माल मात्र देशकालानुसार बदलतो आणि समाज श्रीमंत होत जाईल तसा महागही होतो. परभणीच्या त्या मुलाच्या वडिलांना दोन धोतरांवर अब्रूने जगता आले. मुलाला तेवढीच अब्रू राखावयास कोट, पट्टा आणि चामडी बूट लागतात.

दुसरी बाजू व्हेब्लेनने 1899 मध्ये मांडली. उंची पोशाख हा संपत्तीची जाहिरात तर असतोच, शिवाय तो घालणारा अंगमेहनतीचे काम करीत नाही याचा पुरावाही असतो. पांढऱ्या शुभ्र कॉलरीचा अर्थ एवढाच की धूळ आणि तेल यांच्याशी या माणसाचा संबंध येत नाही. व्हेब्लेनच्या या विवेचनाला एक पुरवणी जोडावयास हवी. ती कॉलर रात्री मोरीत बसून कोणीतरी घासलेली असते, आणि बहुतेक घरांत ती घासणारी बाई असते. तिच्या या श्रमाची नोंद कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात सापडत नाही.

मुंबईच्या गिरणगावात तर या गोष्टीला वेगळीच धार आहे. 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतरच्या वर्षांत गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. ज्या आवारात कापड निघत होते, त्याच आवारात आता आत येणाऱ्याचे कापड पारखले जाते.

आपल्या चळवळीत या विषयावर एक ठरलेले उत्तर आहे : साधेपणा. जाडेभरडे घालावे, ताठ मानेने जावे. हे उत्तर उदात्त आहे, पण ते कोणी कोणाला द्यावयाचे याचा विवेक हवा. 1931 मध्ये गांधीजी पंचा नेसून बकिंगहॅम राजवाड्यात राजाला भेटले. 1888 मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभात जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि खरा देश कोणता हे त्यांनी त्या झगमगाटात ऐकविले. दोघांचाही पोशाख हाच त्यांचा युक्तिवाद होता. परंतु बॅरिस्टरीचा कोट अंगावर चढवून झाल्यानंतर तो उतरविणे वेगळे, आणि महात्मा म्हणून मान्यता पावलेल्या पुरुषाने दरबारी संकेत धुडकावणे वेगळे. त्याच महाराष्ट्रात डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना अस्पृश्यतेची खूण ठरलेले लुगडे नेसण्याचे वळण टाकून इतर स्त्रियांप्रमाणे नेसण्यास सांगितले, आणि त्या स्त्रियांनी ते तत्काळ अमलात आणले. बाबासाहेबांचा स्वतःचा सूट हाही त्याच अर्थाने वाचावयाचा असतो. ज्यांच्यावर गबाळेपणा शतकानुशतके लादला गेला, त्यांना साधेपणाचे प्रवचन देणे म्हणजे जुन्या सक्तीवर नवे खादीचे आवरण घालणे होय.

तेव्हा नीटनेटके दिसण्याची इच्छा ही भांडवलशाहीला शरणागती आहे, असे मानण्याचे कारण नाही. प्रश्न खर्चाचा आहे, आणि त्याचे अर्थशास्त्र सरळ आहे. समजा, चारशे रुपयांचा एक सदरा पंचवीस धुण्यांत विटतो. दर वापराला सोळा रुपये पडले. नऊशेचा सदरा नव्वद वेळा टिकतो. दर वापराला दहा. महाग सदरा स्वस्त ठरतो हे गणित गरिबालाही समजते, पण नोकरीच्या पहिल्या दिवशी त्याच्या हाती नऊशे रुपये नसतात. पगार महिनाअखेरीस मिळणार आणि कपडे पहिल्या तारखेला हवेत! म्हणजे मालकाच्या धंद्याला लागणाऱ्या खेळत्या भांडवलाचा एक हिस्सा नोकर स्वतःच्या खिशातून, बहुधा कर्ज काढून, पुरवितो. हल्ली दुकानातच हप्त्यांची सोय असते. तिच्या मोहात पडून पहिल्या वर्षाचा पगार कपड्यांत अडकविलेले तरुण कमी नाहीत.

यातून वाट काढावयाची तर काही व्यवहाराच्या गोष्टी स्पष्ट बोलल्या पाहिजेत. त्या बोलण्यात कमीपणा नाही. दोन विजारी, एक काळी आणि एक करडी, व तीन-चार फिक्या रंगाचे सदरे एवढ्यावर पुरुषाचे वर्ष निभते, कारण पाहणाऱ्याच्या लक्षात विजार राहत नाही. दादरला हिंदमाताकडे किंवा पुण्यात लक्ष्मी रोडवर कापड घेऊन ओळखीच्या शिंप्याकडून शिवून घेणे तयार कपड्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडते असे नाही. पण अंगाला बसते आणि टिकते. सुती कापड शिवण्यापूर्वी भिजवून घ्यावे. शिंप्याला आत माया ठेवावयास सांगावे, म्हणजे अंग भरले तरी विजार बाद होत नाही. पूर्वी कॉलर झिजली की ती उसवून उलटी बसवून घेत. ती विद्या अजून काही शिंप्यांपाशी आहे, विचारावे. निव्वळ सुती कापडाला इस्त्री रोज लागते. लोकलच्या गर्दीतून जावयाचे असेल तर टेरिकॉट बरे, मग खादीभक्त काहीही म्हणोत. चामडी बूट एकच घ्यावा, पण तळ बदलता येईल असा, आणि नवा बूट सादरीकरणाच्या दिवशी प्रथमच पायात घालू नये. चावणारा बूट चांगल्या चांगल्या वक्त्याचे वाक्य तोडतो. आदल्या रात्री सगळा पोशाख चढवून हात वर करून पाहावा, फळ्यावर लिहिताना सदरा बाहेर येतो काय ते कळते. कॅमेऱ्यासमोर बोलावयाचे असेल तर बारीक रेघांचे कापड टाळावे, ते पडद्यावर थरथरल्यासारखे दिसते.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र हे सोपे उरत नाही. पुरुष तीच विजार आठवडाभर घालतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. बाईने तीच साडी दोन बैठकांना नेसली की ते बोलले जाते. सुती साडीला खळ, इस्त्री, फॉल-पिको, जुळणारा पोलका. म्हणजे किंमत केवळ साडीची नसते. शिवाय फार साधी दिसली तर बावळट, थोडी सजली तर उथळ, हा दुहेरी निकाल तिच्यासाठी तयारच असतो. दोन-तीन सलवार-कमीज संच असे निवडावेत की त्यांतील कमीज, सलवार आणि ओढण्या एकमेकींत फिरविता येतील. आणि कपड्यांना खिसा शिवून घ्यावा, म्हणजे मायक्रोफोनची डबी अडकवावयाची कोठे म्हणून ऐनवेळी धांदल उडत नाही. एवढे सांगता येते. परंतु तिच्या पोशाखावरचा निकाल थांबविणे हे तिचे काम नव्हे. ते बैठकीत बसलेल्यांचे, म्हणजे बव्हंशी पुरुषांचे आहे.

आता मुख्य मुद्दा. मालकाला विशिष्ट पोशाख हवा असेल तर त्याचे पैसे कोणी द्यावयाचे? गणवेशधारी सरकारी नोकरांच्या बाबतीत उत्तर मिळालेले आहे : सातव्या वेतन आयोगानंतर, 1 जुलै 2017 पासून, केंद्र सरकारने निरनिराळे भत्ते एकत्र करून श्रेणीनुसार वर्षाला पाच हजारांपासून वीस हजारांपर्यंत पोशाख भत्ता ठरविला. खासगी कचेरीतील नोकराला गणवेश नसतो, अलिखित दंडक असतो. म्हणून भत्ताही नसतो. इंग्लंडमधील एक खटला येथे उद्बोधक आहे. अ‍ॅन मॅलेल्यू या महिला बॅरिस्टरने न्यायालयात घालाव्या लागणाऱ्या काळ्या कपड्यांचा खर्च करपात्र उत्पन्नातून वजा मागितला. एरवी आपण असे कपडे घालीत नाही, ते केवळ व्यवसायासाठी आहेत, असे तिचे म्हणणे. खालच्या न्यायालयांनी ते मानले. 1983 मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने बहुमताने फेटाळले. कारण काय, तर कपड्यांनी ऊब आणि लज्जारक्षण हेही हेतू साधतात, तेव्हा खर्च निव्वळ व्यवसायाचा नव्हे. व्यवसायाने लादलेला खर्च व्यक्तीची खासगी आवड म्हणून तिच्याच माथी मारण्याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा मिळणे कठीण.

आपल्याकडील करव्यवस्थाही फार निराळी नाही. सप्टेंबर 2025 पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर 5 टक्के आणि त्यावरील नगावर 18 टक्के वस्तू व सेवा कर आहे. सदऱ्यापुरती ही सीमा ठीक आहे. परंतु बरा कोट ती सहज ओलांडतो, आणि मग ज्याला तो चैन म्हणून नव्हे तर नोकरीची अट म्हणून घ्यावा लागला त्यालाही चैनीच्या दराने कर भरावा लागतो.

आणि हा कोट हवाच कशाला? जपानसारख्या शिष्टाचारप्रिय देशात सरकारने 2005 मध्ये ‘कूल बिझ’ मोहीम काढली, उन्हाळ्यात कचेऱ्यांचे तापमान 28 अंशांवर ठेवावयास सांगितले आणि कोट-टाय उतरवावयास लावले. वीज वाचविणे हा हेतू होता. आपल्या बार कौन्सिलच्या नियमांतही उच्च व सर्वोच्च न्यायालये सोडून इतरत्र उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही. नागपूरच्या उन्हात जी सवलत वकिलाला आहे ती मुलाखतीला आलेल्या विद्यार्थ्याला का नसावी? विद्यार्थी संघटनांनी प्राचार्यांकडे ही मागणी लेखी करावी : ब्लेझरची अट काढा, काढणार नसाल तर महाविद्यालयाच्या खर्चाने कोट पुरवा. कामगार संघटनांनी वाटाघाटींत पोशाखाचा दंडक लेखी मागावा आणि लेखी दंडकाबरोबर भत्ता मागावा. अलिखित दंडकाविरुद्ध भांडता येत नाही.

तोपर्यंत शाखांना एक काम करता येण्याजोगे आहे. प्रत्येक जिल्हा कार्यालयात एक लोखंडी कपाट असते आणि त्यात जुने अहवाल वाळवी खात असतात. त्यातील दोन कप्पे मोकळे करून तेथे निरनिराळ्या मापांचे चार-सहा कोट, काही चांगल्या साड्या, दोन-तीन बुटांचे जोड ठेवावेत. निवृत्त हितचिंतकांच्या घरी असे कपडे पडून आहेत; बोहारणीला देण्यापूर्वी त्यांनी ते शाखेला द्यावेत. एखाद्या शिंप्याला महिन्यातून एक दिवस बसवावे. नेणाऱ्याचे नाव वहीत असावे, पण ती वही फळीवर उघडी पडू नये आणि देणाऱ्याचे नाव कपड्यावर नसावे. अनामत घेऊ नये. आणि कोट परत आला की त्याला इस्त्री करून ठेवण्याचे काम शाखेतील मुलींवर ढकलू नये.