यंत्राला आकडा कसा कळतो?

किन्हीराजासारख्या गावात संध्याकाळी दिवा लागतो, तेव्हा कुठेतरी दूर एखाद्या वीजकेंद्रात भट्टी धगधगत असते. अकोला-भुसावळ मार्गाने आगगाडीने जाताना पारसच्या केंद्राची धुराडी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. अशा केंद्रात वाफ किती तापली, पाण्याची पातळी किती, दाब किती, हे क्षणोक्षणी पाहावे लागते. पूर्वी हे काम माणसे करीत. तबकड्यांवरचे काटे पाहायचे, वहीत टिपायचे आणि त्याप्रमाणे झडपा फिरवायच्या. मग हे काम संगणकाकडे सोपवण्याचा विचार निघाला.

१९५९ साली अमेरिकेत टेक्सास राज्यातील पोर्ट आर्थर येथे टेक्साको कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात आरडब्ल्यू-३०० नावाचा संगणक कामाला लागला. तेथील २६ प्रवाह, ७२ तापमाने आणि ३ दाब यांवर त्याची देखरेख होती. १९६२ साली इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीने फेरांटीचा आर्गस हा संगणक बसवला. तो २२४ गोष्टी मोजत असे आणि १२९ झडपा स्वतः हलवीत असे. आपल्याकडे मुंबईच्या ट्रॉम्बे येथील अणुसंशोधन केंद्रात टीडीसी-१२ तयार झाला. ‘ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर’ हे त्याचे पूर्ण नाव. १९६९ पासून हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने तो बाजारात आणला.

पण इथे एक मोठी अडचण होती बरं का! संगणकाला फक्त आकडे समजतात, आणि तेसुद्धा दोनच: एक आणि शून्य. भट्टीच्या उष्णतेवर आकडा लिहिलेला नसतो. ती चुलीवरच्या पाण्यासारखी हळूहळू, सलग वाढते. ही सलग गोष्ट तुकड्यातुकड्यांच्या आकड्यांत आणायची कशी? हे दुभाष्याचे काम जे यंत्र करते, त्याला अ‍ॅनालॉग इनपुट मॉड्यूल म्हणतात. आज ते हातात मावते. त्या काळी त्यासाठी कपाटे भरत.

पहिली पायरी भट्टीतच असते. दोन निरनिराळ्या धातूंच्या तारा टोकाशी जोडल्या आणि तो सांधा तापवला, की तारांच्या दुसऱ्या टोकांशी किंचित विद्युतदाब निर्माण होतो. क्रोमेल आणि अ‍ॅल्युमेल या तारांची जोडी एक हजार अंश सेल्सिअसला सुमारे ४१ मिलिव्होल्ट देते. टॉर्चमधल्या एका सेलच्या दाबाचा हा जेमतेम छत्तिसावा हिस्सा! तेव्हा दुसरी पायरी म्हणजे हा बारीक आवाज मोठा करणे. ते काम वर्धक मंडल करते.

आता पाहा, शेकडो तारा येतात आणि मोजणारे यंत्र महाग, म्हणून एकच. मग पाळी लावावी लागते. एक स्विच एका तारेला आत घेतो, मोजणी झाली की तिला सोडून दुसरीला घेतो. सुरुवातीच्या संगणकांत हे काम टकटक करणारे रिले करीत. रेशनच्या दुकानातली रांगच म्हणा ना!

यापुढची पायरी खरी गमतीची आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, जुनी वजने कोणती होती? शेर, अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक. प्रत्येक वजन आधीच्याच्या निम्मे. समजा, दुकानदाराला गुळाचा खडा तोलायचा आहे. तो शेर टाकतो. खडा जड आहे, शेर राहू दे. अच्छेर टाकतो. वजनाचे पारडे खाली जाते, अच्छेर काढ. पावशेर टाकतो, राहू दे. अदपाव जास्त होतो, काढ. छटाक टाकला आणि काटा बरोबर उभा राहिला. ठेवलेल्या वजनाला एक आणि काढलेल्याला शून्य लिहा: एक, शून्य, एक, शून्य, एक. म्हणजे सोळा, चार आणि एक मिळून एकवीस छटाक. संगणकाला हवी असलेली भाषा ती हीच!

मॉड्यूलमध्ये गुळाच्या जागी तारेतून आलेला विद्युतदाब असतो आणि वजनांच्या जागी ठरावीक, निम्म्यानिम्म्याने उतरणारे विद्युतदाब. पाच वजनांनी बत्तीस पायऱ्या मिळतात, तर बारा वजनांनी ४०९६. हजार अंशांच्या पट्ट्यात एक पायरी साधारण पाव अंशाची होते. तोलता तोलता कोणी पारड्यात गूळ वाढवला तर तोल चुकेल. म्हणून त्या क्षणाचा दाब एका धारित्रात साठवून धरतात आणि मगच तोलतात.

कारखान्यात आणखी एक उपद्रव असतो. मोठमोठ्या मोटारींच्या तारांमधून वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते आणि शेजारच्या बारीक तारेत तिची गुणगुण उतरते. त्यावर एक साधा तोडगा निघाला. काही मॉड्यूले क्षणभराचा दाब न मोजता २० मिलिसेकंदांची, म्हणजे बरोबर एका हेलकाव्याची, सरासरी घेतात. जितका हेलकावा वर, तितकाच खाली. दोन्ही एकमेकांना खोडून टाकतात आणि खरा संकेत तेवढा मागे उरतो.

आणि तार तुटली तर? शून्य प्रवाह म्हणजे शून्य अंश असे ठरवले असते, तर तुटलेल्या तारेचा अर्थ ‘भट्टी थंड आहे’ असा झाला असता. संगणकाने आणखी इंधन घातले असते आणि मग अनर्थच! म्हणून अनेक कारखान्यांत संकेत ४ ते २० मिलिअँपिअरचा ठेवतात. सर्वांत कमी मापालाही ४ मिलिअँपिअर वाहतातच. खरोखर शून्य आले, की समजावे, तार तुटली. मौनाला ‘सर्व ठीक’ समजायचे नाही, हे शहाणपण त्या चार मिलिअँपिअरमध्ये आहे.

तुम्ही म्हणाल, आमचा शेतकऱ्यांचा याच्याशी काय संबंध? संबंध रोजचा आहे. मालेगाव-वाशिमच्या बाजारात सोयाबीनचा ओलावा जे यंत्र सांगते, ते याच कुळातले. पाण्याचे विद्युत गुण कोरड्या दाण्याहून फार वेगळे असतात. तो फरक यंत्र पकडते आणि त्याचा आकडा करते. सरकारी खरेदीत १२ टक्के ओलाव्याची मर्यादा वर्षानुवर्षे होती. २०२४ च्या हंगामात ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली गेली. एका टक्क्याने माल परत जाऊ शकतो किंवा भाव उतरू शकतो.

म्हणून एवढे ध्यानात ठेवा. पायऱ्या बारीक असल्या म्हणजे आकडा खरा असतो असे नाही. दुकानदाराची वजनेच खोटी असतील, तर तो छटाकापर्यंत तोलूनही खोटेच तोलतो. यंत्राचेही तसेच. त्याची वजने ठरावीक मुदतीने तपासावी लागतात. मूठभर दाणे पोत्याच्या वरच्या थरातलेच घेतले, किंवा उन्हात तापलेले घेतले, तर आकडा बदलू शकतो. तेव्हा नमुना दोन-तीन जागचा घ्यायला सांगा, तो नीट मिसळा आणि मोजणी पुन्हा करायला सांगा. वजनकाट्यावर माल ठेवण्याआधी तिथे शून्य दिसते की नाही ते पाहा आणि त्यावर चालू वर्षाचा सरकारी शिक्का आहे का, हे विचारा.

असे विचारण्यात संकोच कसला? वीजकेंद्रातला अभियंता आपल्या यंत्राला हेच प्रश्न रोज विचारतो, म्हणून तर आपल्या घरात दिवा लागतो.