आवाळूच्या लांकडाचा करंडा

कुंकवाचा लांकडी करंडा पुष्कळ घरांतून आतां नाहींसा झाला असला, तरी तो उघडतांना बोटांना जें जाणवे तें एकदां अनुभवणारे विसरलेले नसतील. झांकण चिमटींत धरून किंचित् फिरवावें, तों तें हलकेंच सुटून वर येई. परत ठेवलें कीं आपल्याच वजनानें, क्षणभर रेंगाळून, खालीं बसे. त्याला मळसूत्र नाहीं, बिजागरी नाहीं, कडी नाहीं. एका लांकडाचा कांठ दुसर्‍या लांकडाच्या कांठांत बसतो, एवढेंच काय तें. आंत कोंडलेल्या हवेला बाहेर पडायला केसाएवढीच फट मिळते, म्हणून झांकण रेंगाळतें. कातीव कामाची पारख असलेला माणूस अशी वस्तु हातीं आली म्हणजे नक्षी मागाहून पाहतो. आधीं झांकण काढून परत लावून बघतो.

सावंतवाडीचे कारागीर असे करंडे चरकावर कातीत आले आहेत. चरक म्हणजे लांकूड आडव्या आंसावर गरगर फिरविणारें यंत्र. कारखान्यांत त्यालाच लेथ म्हणतात. सुतार लांकूड स्थिर धरून हत्यार चालवितो. कातारी लांकूड फिरतें ठेवून हत्यार त्याला लावतो. सावंतवाडीच्या करंड्याचें लांकूड साधें, सरळ धाग्याचें असतें, आणि तें फिरत असतांना त्यावर लाखेची रंगीत कांडी दाबली म्हणजे घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळून चढत जाते. तेथें सारी शोभा रंगाची. लांकूड रंगाखालीं झांकून जातें. याच्या अगदीं उलट जातीचा करंडा आफ्रिकेच्या वायव्य किनार्‍यावर, मोरोक्को देशांतील एस्सौइरा या बंदरांत तयार होतो. त्याला रंग देत नाहींत, आणि त्यावर कोरीव काम नसलें तरी चालतें. नुसतें लांकूडच वाघाच्या कातड्यासारखें किंवा उकळत्या पाकासारखें दिसतें. आणि ही शोभा झाडाच्या एका व्यंगांतून आलेली असते.

माणसाच्या अंगावर जसें आवाळूं वाढतें, तसें कांहीं झाडांच्या खोडावर किंवा बुंध्याशीं वाढतें. इंग्रजींत त्याला बर्ल असें नांव आहे. मराठींत आवाळूं म्हटल्यास कोणाची फसगत होणार नाहीं. फांदी जेथून फुटते तेथील साधी गांठ निराळी. आवाळूंत शेंकडों सुप्त डोळे एके ठिकाणीं दाटलेले असतात. कांहींना अंकुरण्याची सवड मिळत नाहीं, कांहीं अंकुरूं लागून खुंटतात, आणि भोंवतालचें लांकूड त्यांना वळसे घालीत वर्षानुवर्षें वाढत राहतें. असें लांकूड कापून गुळगुळीत केलें कीं प्रत्येक डोळ्याचा एक काळसर ठिपका दिसतो आणि त्याभोंवतीं धाग्यांचा भोंवरा. पाहणार्‍याला जी नक्षी वाटते, ती न फुटलेल्या फांद्यांची दाटी होय.

एस्सौइराचे कारागीर ज्या झाडाचें आवाळूं वापरतात त्याला अरबींत अरार आणि फ्रेंचांत थुया म्हणतात. शास्त्रीय नांव टेट्राक्लिनिस आर्टिक्युलाटा. मोरोक्को, अल्जीरिया आणि ट्युनिशिया या देशांतील कोरड्या डोंगरांत तें वाढतें. युरोपांत माल्टा बेटावर आणि स्पेनच्या आग्नेय किनार्‍याजवळ आहे, पण फारच थोडें. तें सूचिपर्णी वर्गांतलें आहे. या वर्गांतलीं झाडें एकदां तोडलीं कीं बहुधा संपलीं; अराराचा बुंधा मात्र तोडल्यावर, जळल्यावर, शेळ्यांनीं ओरबाडल्यावरही पुन्हां फुटतो. ज्या डोळ्यांच्या बळावर तो फुटतो, ते जमिनीलगतच्या, अर्ध्याअधिक मातींत दडलेल्या आवाळूंत असतात. ही गोष्ट ध्यानांत ठेवणें अवश्य आहे, कारण कारागिराला हवें असतें तें नेमकें हेंच आवाळूं.

या लांकडाचें वेड फार जुनें आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत रोमन ग्रंथकार प्लिनी यानें आपल्या सृष्टिविज्ञानाच्या ग्रंथांत त्याची हकीकत दिली आहे. सिसेरोनें अशा लांकडाच्या एका मेजासाठीं पांच लक्ष सेस्टर्स मोजले होते, असें तो सांगतो. कोणत्या मेजावर वाघाचे पट्टे दिसतात, कोणत्यावर चित्त्याचे ठिपके, कोणत्यावर मोराच्या पिसार्‍यांतले डोळे, याचें तो बारकाईनें वर्णन करतो. आणि सर्वांत उत्तम लांकूड मुळाशीं, जमिनीखालीं वाढलेल्या गांठीचें, हेंही त्याला ठाऊक आहे. मोत्यांच्या हव्यासाबद्दल नवर्‍यानें बोल लावला, तर रोमन बायका त्याला त्याच्या मेजाची आठवण करून देत, असेंही तो लिहितो. गृहस्थाश्रमांतील हा संवाद कोणत्याही शतकांत परका वाटणार नाहीं!

आतां कामाकडे वळावें. आवाळूं करवतीखालीं जाईपर्यंत आंत काय आहे हें कोणालाच सांगतां येत नाहीं. वरून निरोगी दिसणार्‍या गोळ्यांत सालीचा पापुद्रा आंत वळलेला असतो, कोठें पोकळी असते, आणि मातींत वाढल्यामुळें वाढतां वाढतां गिळलेला एखादा खडाही असतो. पहिला काप कोठें घ्यावा यावर पुढचें सारें अवलंबून राहतें. डोळे दाट असलेला भाग झांकणाच्या माथ्यावर यावा, असा चांगल्या कातार्‍याचा प्रयत्न असतो, कारण करंडा ठेवलेला असतांना नजर तेथेंच पडते.

ओबडधोबड तुकडा चरकावर चढविला कीं तो आधीं थडथड उडतो. म्हणून आरंभीं वेग कमी ठेवतात आणि तो गोल होत गेला म्हणजे वाढवितात. सरळ धाग्याच्या लांकडांत पटाशी कोणत्या दिशेनें न्यावी याचे नियम आहेत. आवाळूंत ते चालत नाहींत. येथें धागा एका इंचांत दहा दिशांना वळतो, आणि एकाच फेर्‍यांत पटाशीला उभा, आडवा व तिरपा असे सगळे धागे भेटतात. धार जरा बोथट झाली कीं डोळ्यांभोंवतींच्या चिपा उपटून निघतात आणि तेथें खड्डे राहतात. उपाय एकच: गोल तोंडाच्या पटाशीची पाठ लांकडावर टेकवून अगदीं पातळ साल काढावयाची आणि घटकेघटकेला धार लावावयाची. कुशल माणसाच्या हाताखालून निघणारी साल लोकरीसारखी मऊ असते.

एवढें होऊन आकार आला, तरी करंडा त्या दिवशीं पुरा करतां येत नाहीं. लांकडांत पाणी असतें. तें उडून जातांना लांकूड आखडतें, आणि तेंही सारखें नाहीं: साध्या लांकडांत वर्षवलयांच्या दिशेनें होणारी आखड वलयांना छेदून होणार्‍या आखडीच्या जवळजवळ दुप्पट असते. म्हणून ओल्या लांकडाचें गोल भांडें वाळून लंबगोल होतें. आवाळूंत तर कोणता भाग किती ओढला जाईल याचा अंदाजच नसतो. गोल भोंकांत गोल झांकण बसवावयाचें असतां दोन्ही आपापल्या मर्जीनें वाकडीं झालीं, तर कातार्‍याची सारी अक्कल फुकट जाते. यासाठीं ओल्या लांकडाचा करंडा आधीं कच्चाच कोरतात. भिंत व्यासाच्या सुमारें एक दशांश जाड ठेवतात, म्हणजे पांच इंची करंड्याला अर्धा इंच, आणि महिनेच्या महिने तो सावलींत ठेवून देतात. वाळणें फार जलद झालें तर भेगा पडतात, म्हणून कोणी वर मेण चोपडतात, कोणी लांकडाच्या भुशांत पुरतात. प्लिनीच्या काळचे कारागीर हें लांकूड सात दिवस धान्याच्या राशींत ठेवीत, मग सात दिवस बाहेर, पुन्हां सात दिवस आंत. आणि त्यानें त्याचें वजन किती उतरतें याचें त्यालाही नवल वाटलें होतें. वजन उतरावयाचें थांबलें म्हणजे लांकूड वाळलें, ही कसोटी आजही तीच आहे.

वाळलेला, किंचित् वेडावांकडा झालेला कच्चा करंडा पुन्हां चरकावर चढतो, आणि येथून खरी कसोटी लागते. प्रथम झांकण आंतून कोरून त्याचा कांठ सरळ करतात. त्या कांठाची आंतली भिंत तोंडाशीं रुंद आणि आंत अरुंद झाली, तर झांकण पांचरीसारखें बसतें आणि चार दिवसांत ढिलें होतें. ती तळापर्यंत सारख्या रुंदीची पाहिजे. मग खालच्या भांड्याला एक ओठ कातावयाचा, झांकणांत शिरेल इतका. कातारी चरक थांबवितो, झांकण लावून बघतो, कागदाहून पातळ साल काढतो, पुन्हां थांबवितो, पुन्हां लावून बघतो. दहावेळां झांकण बसत नाहीं. अकराव्या वेळीं खुळखुळ वाजूं लागतें, आणि गेलेलें लांकूड कोठून आणणार? ज्याला दुकान चालवावयाचें आहे तो अशा वेळीं ओठ कापून टाकून करंडा थोडा ठेंगणा करतो आणि आरंभापासून सुरुवात करतो.

ओठ आधीं मुद्दाम घट्ट ठेवण्यांत आणखी एक युक्ति आहे. घट्ट बसलेलें झांकण भांड्यावरच राहूं देऊन चरक फिरविला, कीं झांकणाचा माथा आणि मूठ भांड्याच्याच आधारानें कातून पुरी करतां येते, व दोहोंची बाह्यरेषा एकच होते. तें झाल्यावर बारीक कागदानें ओठ किंचित् उतरवितात, आणि मग तो हलका सुटणारा, रेंगाळून बसणारा मेळ साधतो. झांकण कापून वेगळें करतांना व ओठ काढतांना मधलें थोडें लांकूड वायां जातें, त्यामुळें वरच्या व खालच्या रेषा तंतोतंत जुळत नाहींत. सरळ धाग्याच्या लांकडांत हा सांधा डोळ्यांत खुपतो. आवाळूच्या भोंवर्‍यांत तो हरवून जातो. एवढी एक सवलत हें हट्टी लांकूड देतें.

घासून गुळगुळीत करण्याचें काम कंटाळवाणें आहे, पण त्यांत घाई केली तर कागदाच्या घर्षणानें लांकूड तापतें आणि डोळ्यांभोंवतीं केसासारख्या भेगा उमटतात. अराराचें लांकूड तेलकट व सुगंधी असल्यानें कागद भराभर भरून जातो. त्या वासानें दुकानांत शिरणारा प्रवासी खूष होतो. आंत दिवसभर बसणार्‍याच्या छातींत मात्र वासाबरोबर धूळही जाते. लांकडाची धूळ कर्करोगाला कारण होते असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें १९९५ सालीं दिला, तेव्हांपासून शहाणे कातारी तोंडावर फडकें बांधून न थांबतां धूळ ओढून घेणारा पंखा लावतात. सगळ्याच दुकानांत तो असतो असें नाहीं.

शेवटीं झिलई. स्पिरिटांत विरघळविलेली चपडी लाख कापसाच्या बोळ्यानें, थेंबभर तेल घेऊन, पुटावर पूट देत चढवितात. ही लाख पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरच्या किड्यांपासून होते आणि तिचें मोठें उत्पादन हिंदुस्थानांतच, विशेषतः झारखंड व छत्तीसगड या भागांत होतें. सावंतवाडीच्या करंड्याचा रंग आणि एस्सौइराच्या करंड्याची चकाकी एकाच किड्याची कमाई आहे.

राहतां राहिला झाडाचा प्रश्न, आणि तो कारागिराच्या पोटाशींही निगडित आहे. खोड तोडलें तर अरार पुन्हां फुटतो. आवाळूं खणून काढलें तर ज्यांतून फुटावयाचें तेंच जातें. मोरोक्कोंत वनसंरक्षणाचा कायदा १९१७ सालचा आहे, परवान्यावांचून आवाळूं काढणें हा गुन्हा आहे, तरी चोरून खणणें थांबलेलें नाहीं. डोंगरांतल्या माणसाला त्याचे मिळतात ते पैसे थोडे, पण त्याला दुसरें मिळत नाहीं. प्लिनीनें मॉरिटेनियांतील आन्कोरारियस नांवाच्या एका डोंगराचा उल्लेख केला आहे. सर्वांत नांवाजलेलें लांकूड तेथलें, आणि तें त्याच्या काळींच संपून गेलें होतें. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीं एक डोंगर मेजांनीं रिकामा केला. आज त्या लांकडाचें मोठें मेज किंवा परातीएवढें भांडें घेणारा मनुष्य एका सबंध झाडाचें पुन्हां फुटणें विकत घेतो. लहान करंड्याची गोष्ट थोडी निराळी. मोठ्या कामांतून उरलेल्या तुकड्यांतही तो होतो, आणि त्यांत लांकडापेक्षां कारागिराच्या हाताची किंमत अधिक असते. घासाघीस करणार्‍या गिर्‍हाइकाला ही किंमत दिसत नाहीं, कारण तिचा बराचसा भाग सावलींत वाळत पडण्यांत गेलेला असतो.

असा करंडा मुंबईकोंकणाकडे आला, तर जुलै महिन्यांत त्याचें झांकण अडून बसण्याचा संभव असतो. दमट हवेनें लांकूड फुगतें. ओठ आणि कांठ दोन्ही फुगतात, पण सारखे फुगत नाहींत. अशा वेळीं चाकूचें पातें घालूं नये आणि विस्तवाजवळही धरूं नये. तांदळाच्या डब्यांत आठवडाभर ठेवल्यास बहुधा सुटतें, नाहीं तर दसर्‍यापर्यंत वाट पाहावी. अत्तराची स्पिरिट असलेली बाटली मात्र त्यांत कधीं ठेवूं नये, कारण सांडलेल्या एका थेंबानें लाखेची झिलई विरघळते. मूळचा वास जपावयाचा असल्यास करंडा फार वेळ उघडा ठेवूं नये. झांकण नीट बसत असेल, तर कित्येक वर्षांनीं उघडल्यावरही तो वास आंत असतो.