पाना आमच्या हातात होता



आज पापड-लोणच्याचा विषय बाजूला ठेवू. आज बोलू या ट्रकबद्दल. हसू नका! आम्ही घाटकोपर-मुलुंडकडच्या बचत गटातल्या बाया. आमच्यातल्या कितीतरी घरांत कुणाचे वडील, कुणाचा नवरा, कुणाचा दीर मालट्रकवर होता. तुमच्याकडे बैलजोडी जशी घरातलीच, तशी आमच्या वस्तीत गाडी. तिलाही दसऱ्याला झेंडूची माळ, नारळ आणि हळदकुंकू.

टाटांनी जर्मनीच्या कंपनीबरोबर करार करून 1954 साली जमशेदपूरला मर्सिडीज-बेंझचे ट्रक बनवायला घेतले. 1969 मध्ये तो करार संपला आणि गाडीच्या तोंडावरचा तारा जाऊन तिथं टाटांची खूण आली. आमची म्हातारी मंडळी मात्र पुढंही 'मर्सडीज'च म्हणत राहिली. इकडे कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात डॉज आणि फार्गो ट्रक होत. आम्ही लहान असताना दारात उभी असायची ती टाटाची 1210. चांदिवली, मालाड, कांदिवलीच्या खदानींतली खडी याच गाड्यांनी वाहिली. अंधेरीला गिल्बर्ट हिलचा काळा कातळ आज एकटा उभा दिसतो. त्याच्या भोवतीचा दगड फोडून नेला, म्हणून तो असा सुटा राहिला. उपनगरातल्या इमारती अशा खडीवर उभ्या आहेत.

त्या गाडीला पॉवर स्टेअरिंग नव्हतं. भरलेली गाडी जागेवर वळवायची तर पाय रोवून, खांद्याचा जोर लावून चाक ओढावं लागे. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबायचा, नाहीतर गिअर असा करकरे की अख्खी आळी वळून बघे. घाटाचा एक नियम आमच्या घरात पाढ्यासारखा पाठ होता : ज्या गिअरमध्ये चढलो, त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेकवर भरवसा ठेवून उतरलं की ब्रेक तापतो आणि ऐन वळणावर दगा देतो. हे आम्हाला कुठल्या शाळेनं शिकवलं नाही. आमच्यातल्या दोघींना तर वडिलांनी मोकळ्या मैदानात स्टेअरिंगवर बसवलं होतं. पाय पुरत नव्हते, म्हणून पाठीमागं गोधडीची घडी!

पण आमचं खरं शिक्षण झालं ते दुरुस्तीत. रात्री गाडी दारात आली की बॅटरी कुणी धरायची? आम्ही. चौदाचा पाना द्या म्हटलं की चौदाचाच द्यायचा. फिल्टर, नटबोल्ट रॉकेलच्या थाळीत धुवायचे. टाकीतलं डिझेल संपून गाडी बंद पडली, तर नुसतं डिझेल ओतून ती चालू होत नाही, कारण नळीत हवा शिरलेली असते. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा आणि हातपंप मारत राहायचं. आधी फेस येतो, बुडबुडे येतात. बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार लागली की स्क्रू आवळायचा. पंप मारून मारून अंगठा दुखायचा, पण इंजिन धडधडलं की सगळ्यांच्या तोंडावर हसू. मागच्या जोडचाकांवर टॉमी मारून आवाजावरून कुठला टायर बसलाय ते आमच्या आया ओळखत. मुलुंड चेक नाक्यावर जकातीच्या रांगेत गाडी अडकली की डबा घेऊन जाणाऱ्याही त्याच. 1 जुलै 2017 पासून जकात गेली आणि ती रांगही गेली.

आता मुद्द्याचं. पाना आमच्या हातात होता, कागद मात्र नव्हता. आमच्या गटातल्या एका ताईंचे पती अचानक गेले. गाडीचं इंजिन त्यांना आवाजावरून कळायचं, पण आरसी बुक कुठं ठेवलंय ते ठाऊक नव्हतं. गाडी पावसाळाभर उभी राहिली. टायर चिरले, पाटे गंजले, हप्ते मात्र थांबले नाहीत. शेवटी ती भंगारात गेली. ज्या गाडीनं दोन मुलींची लग्नं केली, तिला निरोप द्यायला ताई हळदकुंकू घेऊन गेल्या होत्या.

म्हणून हे नीट ऐका. गाडीचा मालक वारला तर वारसानं 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत नमुना 31 भरून गाडी आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा. 2021 पासून मालकाला हयातीतच आरसीवर वारसदाराचं, म्हणजे नॉमिनीचं, नाव नोंदवता येतं. ट्रक नसला तरी दारात ट्रॅक्टर असेल, पिकअप असेल, नियम तोच.

आणि लायसन्स? आधी हलक्या वाहनाचं लायसन्स काढायचं. ते एक वर्ष जुनं झालं आणि वय 20 पूर्ण असलं, की जड मालवाहू गाडीचं शिकाऊ लायसन्स मागता येतं. पूर्वी आठवी पासची अट होती, ती 2019 मध्ये काढून टाकली. शाळा सुटलेल्या कितीतरी जणींची वाट त्यामुळं मोकळी झाली. बाईला ट्रक झेपत नाही म्हणणाऱ्यांना योगिता रघुवंशींचं नाव सांगा. त्या नंदुरबारला वाढल्या, वकिलीची पदवी घेतली आणि पतीच्या निधनानंतर मुलांसाठी मालट्रक हाती घेतला.

आमच्या गटानं आता एक रीत पाडली आहे. वाहनासाठी कर्ज मागायला जी येईल, तिला आधी विचारायचं : कागद कुणाच्या नावावर, आणि नॉमिनी कोण? तुमच्या पुढच्या बैठकीत तुम्हीही एकमेकींना हे विचारा. घरी गेल्यावर ट्रंक उघडा, आरसी बाहेर काढा, वाचा. वाचता येत नसेल तर लेकीला वाचायला सांगा. तिलाही कळू द्या.