शस्त्रक्रियेनंतर रक्त काय सांगते?



मी वैद्य नव्हे. कापडाचा व्यापारी आणि वाणिज्य शाखेचा पदवीधर. तरीही जठराच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे, कारण हा विषय मला आकड्यांच्या वाटेने उमगला.

२९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोथ यांनी जठराचा कर्करोगग्रस्त भाग काढून उरलेले जठर आतड्यास यशस्वीपणे जोडले. तेव्हापासून आजतागायत शल्यविशारदांची मोठी धास्ती या जोडाचीच. तो गळू लागला तर पोटात जंतुसंसर्ग पसरतो, आणि लक्षणे स्पष्ट होईपर्यंत मोलाचे तास हातचे गेलेले असतात.

येथे रक्तातील सीआरपी हे प्रथिन उपयोगी पडते. देहात दाह झाला की यकृत ते निर्माण करते. निरोगी माणसात ते लिटरमागे १० मिलिग्रॅमहून कमी असते. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवसांत शंभरापुढे सहज जाते. एवढ्याने घाबरू नये. त्याचे अर्धायुष्य सुमारे १९ तासांचे, म्हणून सारे सुरळीत असेल तर तिसऱ्या दिवसानंतर आकडा उतरू लागतो. चौथ्या दिवशीही तो दीडशेच्या वर रेंगाळला, तर डॉक्टर सावध होतात, प्रसंगी सीटी स्कॅन करतात. मात्र चढा आकडा म्हणजे जोड गळलाच असे नव्हे. फुफ्फुसाच्या संसर्गानेही तो चढतो. उतरलेल्या आकड्याचा दिलासा त्याहून अधिक भरवशाचा. एका दिवसाच्या विक्रीवरून हंगाम कळत नाही, हे आपणा व्यापाऱ्यांस सांगणे नकोच! म्हणूनच पुन्हा पुन्हा रक्त काढल्याबद्दल नातेवाइकांनी कुरकुर करणे मला योग्य वाटत नाही.

शस्त्रक्रियेपूर्वीचाही एक हिशेब आहे. जपानमधील ओनोडेरा यांनी १९८४ साली तो मांडला. डेसिलिटरमागील अल्ब्युमिनच्या ग्रॅमना १० ने गुणावे, रक्ताच्या एका घनमिलिमीटरमधील लिम्फोसाइट पेशींच्या संख्येस ०.००५ ने, आणि बेरीज करावी. अल्ब्युमिन ३ आणि पेशी १२०० असतील, तर बेरीज ३६. चाळिसाच्या आत जोडाची शस्त्रक्रिया टाळावी, असे त्यांचे मत होते. आज एवढ्यावरून कोणी नकार देत नाही. पण कुपोषण तीव्र असेल आणि रोगाची निकड नसेल, तर एक-दोन आठवडे पोषण देऊन मग शस्त्रक्रिया करतात. घरच्यांना तो कालापव्यय वाटतो, ‘गाठ आहे तर लगेच काढा’ असा आग्रह धरला जातो. त्याऐवजी रुग्णाचे वजन सहा महिन्यांत किती घटले, याची लेखी नोंद डॉक्टरांपुढे ठेवावी. वजनाची नोंद नसेल, तर कमरपट्टा किती भोके आत आला, तेवढे तरी अवश्य सांगावे.