भांड्यांवरील नावे
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



जेवणाच्या भांड्यांविषयी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा मला झाली आहे. विषय घरगुती खरा. परंतु क्षुल्लक नव्हे.

मुळशी खोऱ्यातील आंबेमोहोराचा भात पाचही बोटांनी कालवणाऱ्या आपल्या वाडवडिलांना काट्याचमच्यांची गरज कधी भासली नाही. त्यांना हवे असे ते काठाचे ताट, आमटीची वाटी आणि तांब्या-भांडे. पंगतीला पळसाच्या पत्रावळी नि द्रोण. एरवी घरात पितळ, आणि ऐपत असेल तेथे कासे. पितळ म्हणजे तांबे व जस्त; कासे म्हणजे तांबे व कथील. पितळेत ताक किंवा चिंचेची आमटी राहिली की ती कळकते. म्हणून आतून कथलाची कल्हई लागे. काशाचा नाद गोड, पण हातून पडले की तडकते. (काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळण्याचा गुण भगिनीवर्गास ठाऊक आहेच.)

१९१३ साली इंग्लंडातील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी क्रोमियम घालून न गंजणारे पोलाद केले. शोध चालला होता बंदुकीच्या नळ्यांसाठी; उपयोग झाला जेवणाच्या सुऱ्यांना! स्वातंत्र्यानंतर तेच स्टेनलेस स्टील आपल्या फडताळांत आले. त्याबद्दल मी हळहळणार नाही. राख-चिंचेने पितळ घासणाऱ्या हातांना विचारा, म्हणजे उत्तर मिळेल.

माझे दुःख निराळे आहे. जुनी भांडी मोडीत जातात तेव्हा त्यांवरील अक्षरेही वितळतात. रुखवतातील तांब्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले असते: कोणी दिला, कोणास दिला, गाव, मिती. आपल्या वंशावळी पाहा. त्यांत पुरुषांचीच मालिका. सून कोणत्या घरची, तिचे माहेरचे नाव काय, हे वंशावळ सांगत नाही. पुष्कळदा ते सांगणारा एकच साक्षीदार घरात उरतो, आणि तो माळ्यावर काळा पडलेला असतो.

मुळशीत ही गोष्ट अधिकच लागू पडते. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांनी त्यात कारावास भोगला. तरीही धरण झाले आणि गावे पाण्याखाली गेली. घराचे जोते, देवळापुढचा पार बरोबर नेता येत नाही; तांब्या नेता येतो. बुडालेल्या गावाचे नाव ज्या भांड्यावर आहे, ते वजनावर विकावे काय? आज त्याच तालुक्यात हिंजवडीची संगणकनगरी उभी आहे, आणि तिथल्या सदनिकांत माळे लहान असतात, हे मी जाणतो.

म्हणून भांडे ठेवाच, असा माझा आग्रह नाही. देण्यापूर्वी ते चिंचेने घासावे, उजेडात तिरपे धरावे, आणि दिसेल तो मजकूर अशुद्धासकट उतरून घ्यावा. त्याची एक प्रत मंडळाच्या चिटणिसांकडे पोचती करावी. वंशावळीच्या वहीत त्यासाठी कोरी पाने राखून ठेवली आहेत.