आपलाच माणूस आणि विम्याचा कागद
(व्हँकुव्हर येथील वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



स्नेहसंमेलनात विम्याचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. आम्हांला तो अस्थानी वाटत नाही. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात बाबासाहेबांनी विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा उतरविणे बंधनकारक असावे, असे सुचविले होते. राज्याच्या पाठबळामुळे व्यक्तीला अधिक सुरक्षितता मिळेल आणि राज्यालाही नियोजनासाठी निधी मिळेल, अशी त्यांची कारणमीमांसा होती. पुढे १९५५ साली रामकृष्ण दालमिया यांच्या भारत इन्शुरन्स कंपनीतील निधीच्या गैरवापराचे प्रकरण फिरोज गांधी यांनी लोकसभेत मांडले आणि १९५६ साली भारतात आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. विमेदाराच्या पैशाची राखण हा प्रश्न असा जुनाच आहे.

आपण राहतो त्या ब्रिटिश कोलंबियात मोटारीचा मूलभूत विमा १९७४ पासून आयसीबीसी या सार्वजनिक महामंडळाकडे आहे. त्यामुळे खोटा माणूस ओळखणे येथे एका बाबतीत सोपे आहे. मूलभूत विम्याचा दर कोणत्याही दलालाकडे गेलात तरी तोच असतो. 'माझ्याकडे निम्म्या पैशांत होईल, रोख द्या, कागद फोनवर पाठवतो,' असे सांगणारा मनुष्य दोहोंपैकी एक गोष्ट करीत असतो. एकतर तो बनावट कागद देतो, किंवा कागद खरा असतो पण त्यात आपला पत्ता, गाडीचा वापर वा मुख्य चालक खोटा लिहिलेला असतो. दुसरा प्रकार आम्हांला अधिक घातक वाटतो, कारण कागद महामंडळाचाच असल्यामुळे अपघात होईपर्यंत संशय येत नाही. मे २०२२ पासून नंबरपाटीवर मुदतीची चिकटपट्टी लावावी लागत नाही. म्हणजे बाहेरून दिसणारी ती खूणही आता उरली नाही.

मात्र आमची खरी काळजी आईवडिलांच्या विम्याची आहे. २०११ च्या डिसेंबरात 'सुपर व्हिसा' सुरू झाला आणि आपल्यापैकी अनेकांचे आईबाबा नातवंडांपाशी येऊन राहू लागले. या व्हिसासाठी निदान एक वर्षाचा आणि किमान १,००,००० डॉलरचा वैद्यकीय विमा लागतो. पाहुणे म्हणून आलेल्या वृद्धांना प्रांताची सरकारी आरोग्य योजना लागू नसते. रुग्णालयात नेण्याची वेळ आली की त्या एका कागदावरच सारी भिस्त असते. आणि तो कागद आपण बहुधा 'आपल्याच माणसाकडून' घेतो. तो मराठी बोलतो, मुलांना त्याला काका म्हणायला आपणच शिकविलेले असते.

तो माणूस खोटाच असेल असे आम्ही म्हणत नाही. परंतु करार काकांशी नसतो, कंपनीशी असतो. दरपत्रक म्हणजे पॉलिसी नव्हे. व्हिसा कार्यालयही दरपत्रक स्वीकारीत नाही. धनादेश दलालाच्या खासगी नावाने मागितला, पॉलिसी क्रमांक देण्यास टाळाटाळ झाली, हप्त्याची पावती कंपनीची नसली, तर थांबावे. कागदावर छापलेला फोन वापरू नये; कंपनीचा क्रमांक स्वतंत्रपणे शोधून, पॉलिसी चालू आहे काय, हे विचारावे. आईबाबा आल्यानंतरही एकदा विचारावे, कारण हप्ता कंपनीपर्यंत पोहोचलाच नाही तर विमा मधल्या काळात बंद पडलेला असू शकतो.

आणखी एक गोष्ट अप्रिय असली तरी बोलली पाहिजे. 'बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या लिहू नका, हप्ता वाढेल,' हा सल्ला आपल्याला मदतीसारखा वाटतो. सही मात्र आपली असते. आजार दडविल्याचे दाव्याच्या वेळी उघड झाले तर कंपनी पॉलिसीच रद्द ठरवू शकते, आणि सल्ला देणारा तेव्हा बाजूला झालेला असतो. असा सल्ला देणारा विक्रेता तक्रारीस पात्र आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

भारतातील जुन्या पॉलिसीचा बोनस अडकला आहे, तो सोडविण्यासाठी आधी शुल्क भरा, असे विमा नियामकाच्या नावाने येणारे दूरध्वनी सरळ बंद करावेत. तो नियामक पॉलिसी विकत नाही आणि बोनसही वाटत नाही.

तक्रार करावयास आपले लोक का कचरतात? समाजात चर्चा होईल, कोणाची रोजीरोटी जाईल, आपल्या नागरिकत्वाच्या अर्जावर डाग पडेल, अशी भीती असते. फसविला गेलेल्याने तक्रार करणे हा गुन्हा नव्हे. गप्प राहिल्याने मात्र त्याच माणसाला पुढचे घर मोकळे मिळते, आणि ते घर बहुधा कालच विमानतळावर उतरलेल्या, आपल्यापेक्षा कमी माहितीच्या कुटुंबाचे असते.

विमा विकणाऱ्याजवळ परवाना आहे काय, हे इन्शुरन्स कौन्सिल ऑफ ब्रिटिश कोलंबियाच्या सूचीत नावाने पाहता येते. विक्रेत्याविरुद्धची तक्रारही तेथेच करावी. मोटार विम्यातील फसवणूक आयसीबीसीला १-८००-६६१-६८४४ या क्रमांकावर कळवावी. अन्य फसवणुकीसाठी कॅनेडियन अँटी-फ्रॉड सेंटरचा क्रमांक १-८८८-४९५-८५०१ आहे. पैसे गेले असतील तर स्थानिक पोलिसांकडे आणि आपल्या बँकेकडेही त्याच दिवशी जावे. संदेश पुसू नयेत. पावत्या, धनादेशाची प्रत आणि लिफाफासुद्धा जपून ठेवावा. आईबाबांची पॉलिसी घरी कोठे ठेवली आहे, हे आज रात्री सूनबाईंनाही सांगून ठेवा, कारण रुग्णवाहिका बोलाविण्याची वेळ आली तर घरात बहुधा त्याच असतील.